धूर नसलेला कोळसा

भवानी पेठेत अमीनभाईंच्या वखारीत कोळसा घ्यायला गेलं की आधी जबानी द्यावी लागते. पहिला प्रश्न ठरलेला: "कशासाठी?" गिऱ्हाईक दोन किलोचं असो की दोन पोत्यांचं, त्यातून सुटका नाही. इस्त्रीवाल्याला कुठला, तंदूरवाल्याला कुठला, हे ठरवायला तेवढं विचारणं रास्तच. पण अमीनभाई तिथं थांबत नाहीत. पेटवणार कुठे, खोलीला खिडकी आहे का, वर पत्रा की स्लॅब, शेजारी सिलिंडर तर नाही? पुण्यात दुकानदाराने गिऱ्हाइकाशी एवढं बोलावं हीच मुळात संशयाची गोष्ट. एकदा एका गृहस्थांनी वैतागून सांगितलं, "खायला पाहिजे." अमीनभाईंनी काट्यावरची नजर न हलवता विचारलं, "किती माणसं जेवायला?"

या चौकशीमागे एक कारण होतं, आणि ते अमीनभाई कुणाला सांगत नसत. बत्तीस वर्षांपूर्वी, वडील गल्ल्यावर बसायचे तेव्हाची गोष्ट. डिसेंबरच्या थंडीत बांधकामावरचा एक वॉचमन पाच किलो कोळसा घेऊन गेला. पोरांना थंडी वाजते म्हणून त्याने शेगडी खोलीत घेतली आणि दार लावलं. सकाळी चौघांपैकी एकही उठलं नाही. ना आग, ना भाजल्याची खूण. वडील मयतीला जाऊन आले, तीन दिवस वखार उघडली नाही, आणि चौथ्या दिवशी अमीनला म्हणाले, "आजपासून विचारायचं."

तेव्हापासून अमीनभाई विचारत आले. दाढी काळ्याची पांढरी झाली, कोळशाच्या धंद्यात राहून पांढरी व्हावी हा तिचा हट्टीपणाच, पण नेम मोडला नाही.

फक्त एका जातीच्या गिऱ्हाइकाला प्रश्न माफ होता, ते म्हणजे हुक्क्याचा कोळसा मागणारं. हुक्का पार्लरं बंद झाल्यापासून शौकीन मंडळी घरात ओढू लागली होती. नारळाच्या करवंटीचे ते चौकोनी तुकडे अमीनभाई आत, कपाटात ठेवत. हे गिऱ्हाईक गाडी लांब लावून येतं, आवाज खाली करून मागतं आणि मागताना इकडेतिकडे बघतं. त्याला कशासाठी म्हणून काय विचारायचं? उत्तर त्याच्या तोंडावरच लिहिलेलं असतं. प्रश्नाऐवजी अमीनभाई त्याला व्याख्यान देत: "चिमट्याने धरा. गॅसवर नुसता ठेवू नका, खाली जाळी घ्या, नाहीतर विजेची कॉइल. पेटवायला गॅलरीत बसा. उलटापालटा करा, आठ-दहा मिनिटं जाऊ द्या, सगळ्या बाजूंनी पांढरी राख धरली की मगच उचला." आणि गिऱ्हाईक फारच घाबरट दिसलं तर मिस्कीलपणे वर जोडत, "धूर नाही, वास नाही. आईवडिलांना पत्ता लागणार नाही."

त्या मंगळवारी साडेनऊच्या सुमारास जे गिऱ्हाईक आलं, त्याचे आईवडील असते तर शंभरीला टेकले असते. साठीचा गडी, पांढरी पँट, पायात कोरे करकरीत पळण्याचे बूट, बोटात कड्याएवढी अंगठी. काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाला, "ते हुक्क्याचा कोळसा म्हणत्यात, त्यो हाय का?"

अमीनभाईंना गंमत वाटली. "कुठून आलात?"

"मांजरी. आमच्याच उसाच्या रानात बिल्डिंग झाली. केन व्हॅली म्हणून. बाराव्या मजल्यावर ऱ्हातो आता."

झालं. जमिनीला भाव येतो आणि मागोमाग माणसाला हौस येते, हे अमीनभाईंनी पेठेत बसून पुष्कळ पाहिलं होतं. ते कपाटाकडे वळले.

"धूर होत न्हाई ना पण?" पाहुण्याने विचारलं. "काल साध्या कोळशानं आलारम वाजला. सगळी सोसायटी गोळा झाली दारात. सेक्रेटरी तर टॉवेलवर आलता."

"धूर नाही, वास नाही," अमीनभाई हसून म्हणाले. "अलार्मच्या बापाला कळणार नाही."

मग नेहमीचं व्याख्यान झालं. चिमटा, जाळी, गॅलरी, पांढरी राख. पाहुण्याने ते शाळेतल्या पोरासारखं मान हलवत ऐकलं, दोनदा स्वतः म्हणून दाखवलं आणि "अकराच्या आत पोचाया पायजे, बाई येती अंघोळीला," असं काहीसं पुटपुटत तो गेला. बाई आणि अंघोळ हे शब्द अमीनभाईंच्या कानावर पडले, पण तेवढ्यात इस्त्रीवाला पोतं उचलायला आला आणि ते तिथंच राहिले.

पावणेअकराला श्रीनिवासराव आले. चार दुकानं सोडून त्यांचं काष्ठौषधींचं दुकान. वीस वर्षं दोघांचा या वेळचा चहा एकत्र. श्रीनिवासराव स्टुलावर टेकले आणि म्हणाले, "तुमचं गिऱ्हाईक माझ्याकडे पाठवलंत, आभारी आहे. पिशवी तुमचीच होती हातात. ओवा घेतला, शेपा घेतल्या, वावडिंग घेतलं. बाळंतकाढा संपला होता, तर आल्यावर कळवा म्हणून नंबर देऊन गेला. नातू झालाय. आज तेरावा दिवस."

"कोण हो?"

"पांढरी पँट. बूट असे, की आत्ता धावत सुटेल. जयसिंग नाव. सून सॉफ्टवेअरवाली आहे, पण सासूबाईंपुढे चालत नाही. शेकशेगडी झालीच पाहिजे. गावाकडची बाज आणली म्हणे घरात. लिफ्टमध्ये मावेना, तर बारा मजले खांद्यावर."

अमीनभाईंचा चहा बशीत सांडला. "शेगडी?"

"बाजेखाली. काल धुराने अलार्म वाजला, म्हणून मुलाने अक्कल दिली की हुक्क्याचा कोळसा आणा, त्याला धूर नसतो. खिडक्या बंद, दाराच्या फटीला गोधडी. वाऱ्याची झुळूक आत येऊ द्यायची नाही असा हुकूम आहे." श्रीनिवासरावांनी चहाचा घोट घेतला आणि मग त्यांना समोरचा चेहरा दिसला. "काय झालं?"

"नंबर काढा," अमीनभाई म्हणाले.

फोन वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही. "बाळ झोपलं की घरातले सगळे फोन मुके करतो म्हणत होता," श्रीनिवासराव म्हणाले, आणि निरोप टाइप करायला बसले. श्रीनिवासरावांना साधं लिहिता येत नसे. 'सदर कोळसा बंद खोलीत कदापि वापरू नये' एवढं लिहून त्यांनी तो पाठवला. तो निरोप पोचला, पण उघडला कुणी नाही.

तोवर अमीनभाईंनी स्कूटर काढली होती. वखारीचं दार उघडंच होतं. "बसा तुम्ही इथं, आणि फोन लावत राहा," एवढंच ते म्हणाले.

पुलगेटपर्यंत त्यांनी हिशेब केला. अकराला बाई येणार. आधी बाळाचं मालीश, मग आईचं. दोन अंघोळी. म्हणजे शेक साडेअकराच्या आत नाही. फातिमानगरला सिग्नलवर हिशेब पुन्हा केला. बाई लवकर आली असेल तर? वैदूवाडीपासून पुढे हडपसरपर्यंत गाड्या अशा उभ्या होत्या, की जणू त्यांनाही तिथंच फ्लॅट मिळाले आहेत. अमीनभाईंनी आयुष्यात कधी फुटपाथवर गाडी घातली नव्हती. त्या दिवशी घातली. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, कबरस्तान त्या बाजूला आहे." पुण्यात माणूस मरायला निघाला तरी पत्ता सांगणारा भेटतोच. एरवी अमीनभाईंनी उत्तर दिलं असतं. आत्ता डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं: अलार्मच्या बापाला कळणार नाही.

धूर नाही. वास नाही. विकताना ते हे कौतुकाने सांगत आले होते. विकत घेणाऱ्याने त्याचा अर्थ काय घ्यायचा? धूर नाही म्हणजे धोका नाही, एवढाच ना? आणि तो वॉचमन? त्याच्या खोलीत तरी सकाळी धूर कुठं होता?

केन व्हॅलीच्या फाटकावर पोचले तेव्हा अकरा पन्नास झाले होते. पहाऱ्यावरच्या माणसाने वही पुढे केली. "किधर जाना है? किस लिए?"

"बाराव्या मजल्यावर. जयसिंग. अर्जंट आहे."

त्याने मोबाईलवरून वर विचारणा पाठवली. वर सगळे फोन मुके. "अप्रूवल नहीं आ रहा," तो शांतपणे म्हणाला. अमीनभाईंनी गॅसची गोष्ट सांगायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, गॅस पाइपलाइनवाले परवाच येऊन गेले. अमीनभाईंनी स्वतःच्या कपड्यांकडे पाहिलं. कोपरापर्यंत काळे हात, काळा सदरा. "कोळसा," ते म्हणाले. "सकाळी कोळसा दिला होता. त्याचंच काम आहे."

"डिलिवरी?" त्याचा चेहरा एकदम उजळला. "पहले बोलना था. सर्विस लिफ्ट पीछे से."

लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबली नाही, पण अमीनभाईंना ती थांबल्यासारखी वाटली.

दार एका बाईंनी उघडलं. कपाळावर मोठं कुंकू, कमरेला खोचलेला पदर. या विजयमालाबाई. जयसिंगरावांनी जमीन सांभाळली, बाकी सगळं यांनी.

"वहिनी, बाळ कुठे आहे?"

अनोळखी काळ्याकुट्ट माणसाने दारात येऊन पहिल्यांदा बाळाचं विचारावं, हे कुणाला आवडेल? विजयमालाबाईंनी दार अर्धं लोटलं. "तुम्ही कोण?"

"कोळसेवाला."

"चाचा, तुम्ही?" आतून आवाज आला. गॅलरीच्या दारात जयसिंगराव उकिडवे बसले होते, हातात चिमटा. समोर विजेची कॉइल, तिच्यावर कोळशाची दुसरी खेप लालबुंद होत होती. "बघा, तुम्ही सांगितलं तसंच केलं. गॅलरीत पेटवला. पांढरी राख धरस्तोवर हात लावला न्हाई. पहिले दहा आत ठिवले, आता हे."

पेटवण्यात कणाएवढी चूक नव्हती. अमीनभाईंना ते बघवेना. "आत ठेवून किती वेळ झाला?"

"असंल अर्धा तास. बाई आज लवकर येऊन गेली."

"वहिनी, आधी त्या खोलीची खिडकी उघडा. मग मला काय बोलायचं ते बोला."

"खिडकी?" विजयमालाबाई म्हणाल्या. "तेरा दिसांची बाळंतीण हाय आत. वारं लागलं तर जन्माचं दुखणं. ते निस्तरायला तुम्ही येणार का?"

"आत विषारी वायू साठलाय."

"धूर तरी कुठाय? आलारम बी वाजला न्हाई."

"धूर असता तर बरं होतं. डोळे चुरचुरले असते, ठसका लागला असता, तुम्हीच खिडकी उघडली असती. याला ना रंग ना वास. हा नुसता झोपवतो."

"माझी चार बाळंतपणं शेगडीवर झाली. सासूबाईंची सात. कुणाला काय झालं न्हाई."

"घर कसलं होतं?"

"कसलं म्हंजे? कौलाचं."

"वरून ऊन यायचं घरात?"

"यायचं की, कवडसेच्या कवडसे."

"त्या फटींनी वाचवलं तुम्हाला सगळ्यांना. या खोलीच्या खिडकीला रबर आहे, दाराखाली तुम्ही गोधडी लावली. मुंगीला श्वास घ्यायला जागा नाही." अमीनभाईंनी आवाज खाली आणला. "सूनबाई बोलतायत?"

"निजलीय. मघाशी डोकं जड झालं म्हणली. शेकानं झोप येतीच."

"आणि बाळ?"

"ते बी निजलंय." विजयमालाबाई थांबल्या. "आज लई शांत हाय."

हे बोलताना त्यांनी स्वतःचंच वाक्य ऐकलं असावं. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष जात नाही, हे अमीनभाईंनाही ठाऊक होतं. त्यांच्याही घरात चाळीस दिवस तोच नियम. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "मी आत येत नाही. तुम्ही जा. बाळाला उचला आणि इथं घेऊन या. एवढंच करा."

विजयमालाबाई गेल्या. गोधडी पायाने सरकवली, दार उघडलं. बाहेर उभ्या दोघांना फक्त आवाज ऐकू येत होता.

"संस्कृती." मग, "अगं ए, संस्कृती." मग तिसरी हाक, आणि तिच्यात मघाची विजयमाला कुठेच नव्हती. "अहो, या. दोघंबी या आत."

खोलीत ऊब होती, ओव्याचा वास होता आणि कमालीची शांतता होती. दहा बाय दहाच्या त्या डब्यात दुहेरी पलंगाला खेटून गावाकडची बाज टाकलेली. तिच्यावर संस्कृती कानाला फडकं बांधून पडलेली, गाल गुलाबी, बघणाऱ्याला वाटावं तब्येत सुधारली. विजयमालाबाईंनी बाळ उचललं होतं; त्याची मान नेहमीपेक्षा जास्तच लोंबत होती. अमीनभाईंनी श्वास रोखून खिडकी सरकवायला घेतली. ती सरकेना. खालच्या खाचेत घडी घालून टॉवेल कोंबलेला होता. तो उपसून काढला तेव्हा नखाखालून रक्त आलं, आणि बाराव्या मजल्यावरचा वारा भसकन आत शिरला.

"गॅलरीत. बाळाला गॅलरीत न्या. तोंडावरचं कापड काढा," ते धापा टाकत म्हणाले. जयसिंगराव आणि त्यांनी मिळून बाजच उचलली, संस्कृतीसकट, आणि हॉलमध्ये आणून उघड्या दारापाशी ठेवली. लिफ्टमध्ये न मावणारी ती बाज, दारातून मात्र एका दमात निघाली. अमीनभाई परत आत गेले. शेगडी म्हणून बाजेखाली ठेवलेलं कोळशाचं घमेलं चिमट्याने ओढत त्यांनी गॅलरीच्या टोकाला नेलं, कॉइलचं बटण बंद केलं, आणि घमेल्यावर दुसरं घमेलं पालथं घातलं.

मग सगळे बाळाकडे बघत उभे राहिले. विजयमालाबाई त्याच्या तळपायाला टिचक्या मारत होत्या. एक. दोन. जयसिंगराव फोनवर अॅम्ब्युलन्सला पत्ता सांगत होते आणि स्वतःच्या सोसायटीचं नाव विसरले होते. खाली रस्त्यावर कुठलीशी सिमेंटची गाडी मागे जात होती, तिची टूंटूं तेवढी ऐकू येत होती. बाळाने तोंड वाकडं केलं. मग एक बारीक, चिडका आवाज काढला, आणि मग ते असं रडलं, की अकराव्या मजल्यावरून कुणीतरी वर बघितलं.

संस्कृतीने डोळे उघडले, बाजेच्या कडेला वाकली आणि ओकली. "डोकं फुटतंय," ती म्हणाली. "काय झालं? हे काका कोण?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला तेव्हा कुणाकडे सवड नव्हती.

इस्पितळात दोघांना ऑक्सिजन लावला. आईला मास्क, बाळाला छोटी काचपेटी. हिंजवडीहून निघालेला ऋषी, म्हणजे ती हुक्क्याची अक्कल देणारा मुलगा, दर दहा मिनिटांनी फोन करून आपण कुठल्या सिग्नलला अडकलो ते सांगत होता. दोनच्या सुमारास डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, पण बोलणं शनिवार पेठेतलं असावं. रक्तात वायू सापडलाय, म्हणाल्या, वेळेवर आणलंत म्हणून दोघं सुटतील. अजून पंधरा-वीस मिनिटं गेली असती तर मला इथं येऊन तुम्हाला दुसरं काहीतरी सांगावं लागलं असतं. मग त्यांनी कागद पुढे ओढला.

"बंद खोलीत दहा निखारे. छान. कोळसा आणला कुठून?"

"बाजारातनं," जयसिंगराव पायातल्या कोऱ्या बुटांकडे बघत म्हणाले. "असाच."

भिंतीला टेकून उभे असलेले अमीनभाई पुढे झाले. "माझ्याकडून. भवानी पेठ. लिहा."

"विकताना सांगितलं नाहीत?"

"हुक्क्याला पेटवायचा कसा ते सांगितलं. कशासाठी नेताय ते विचारलं नाही."

"ह्यांचा काय दोष," जयसिंगराव म्हणाले. "मीच हुक्क्याचा म्हणून मागितला."

"मला विचारायचं होतं," अमीनभाई म्हणाले. "बाकी सगळ्यांना विचारतो."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, नाव लिहून घेतलं, आणि त्यापुढे काही न लिहिता पेनाचं टोपण लावलं.

चारला काचपेटीतून बाळ बाहेर आलं. विजयमालाबाई त्याला घेऊन बाकावर बसल्या, अमीनभाईंपासून एक जागा सोडून. "मग शेकायचं न्हाईच का आता?" त्यांनी शेवटी विचारलं. प्रश्न अजून भांडखोरच होता, पण आवाज थकला होता.

"शेका की. तवा गॅसवर तापवा, फडक्याची घडी त्यावर गरम करा आणि त्याने शेका. गरम पाण्याची पिशवी मिळते, ती घ्या. कोळसा खोलीत न्यायचा नाही. हुक्क्याचा नाही, बाभळीचा नाही, कुठलाच नाही."

"म्हंजे तुमच्याकडनं काय घ्यायचंच न्हाई."

"काही नाही."

"दुकान चालतंय कसं तुमचं?" विजयमालाबाई म्हणाल्या. तेवढ्यात आतून संस्कृतीने हाक मारली. त्या उठल्या, इकडेतिकडे बघितलं, आणि बाळ सरळ अमीनभाईंच्या पुढे धरलं. "धरा जरा. आले."

"वहिनी, हात काळे आहेत."

"असू द्या. कुणाची नजर लागायची न्हाई."

अमीनभाईंनी बाळ घेतलं. वीस किलोचं पोतं एका हाताने उचलणारा माणूस, पण त्या अडीच किलोला दोन्ही हात आणि सगळी पाठ लागली. बाळाने एक डोळा उघडला, गिऱ्हाईक कसलं आहे ते पाहिलं आणि मिटून घेतला. ते श्वास घेत होतं. अमीनभाईंनी मोजून पाहिले, वीसपर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून.

नर्स औषधाचा ट्रे घेऊन आली आणि थबकली. बाळाच्या उजव्या गालावर अंगठ्याएवढा काळा डाग उमटला होता. "हे काय लागलंय बाळाला?" तिने कापूस भिजवला.

दारातून विजयमालाबाई म्हणाल्या, "तीट हाय ती. राहू द्या."